जुनी डिझेल गाडी: गळती आणि पडलेलं ॲव्हरेज, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न यांत्रिक पंपाच्या (इंजिनला दाबाने डिझेल देणारा पंप) जुन्या गाड्या चालवणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. बोलेरो डीआय, सुमो, कमांडर, टाटा २०७, जुनी पिकअप अशा या गाड्या. पंपाला कॉम्प्युटर नाही, त्यामुळे बरंचसं निदान डोळे, नाक आणि पाना वापरून होतं. कॉमन रेल गाड्यांचं, म्हणजे एका सामायिक नळीत मोठ्या दाबाचं डिझेल ठेवून कॉम्प्युटरने सोडणाऱ्या गाड्यांचं, तंत्र वेगळं आहे. त्यांच्यासाठी प्रश्न १७ आणि २० आधी वाचा. कुठल्याही दुकानात पंप उघडायला देण्यापूर्वी निदान प्रश्न १३ पर्यंत तरी या, एवढी कळकळीची विनंती.

१. माझ्या जुन्या डिझेल गाडीने किती ॲव्हरेज द्यायला हवं?

साधारण अडीच लिटरचं इंजिन, यांत्रिक पंप आणि मिश्र रस्ता धरला तर लिटरमागे ११ ते १४ किलोमीटर ही निरोगी गाडीची रेंज आहे. घाट, माल, एसी आणि गावातली थांब-चाल असेल तर आकडा याखाली जाणारच. खरी तुलना तुमच्या गाडीची तिच्याच जुन्या आकड्याशी करा. शेजाऱ्याची गाडी १५ देते हे ऐकून काही ठरवू नका, कारण तो कसा मोजतो हे तुम्हाला माहीत नसतं. त्याच रस्त्यावर, तितक्याच लोडवर आकडा दीड-दोन किलोमीटरने उतरला असेल तर शोध घेण्यासारखं कारण आहे.

२. ॲव्हरेज नेमकं मोजायचं कसं? हजार रुपयांचं टाकून किती चालली ते बघतो, चालेल?

नाही. काट्यावर आणि रुपयांवर काढलेल्या आकड्यात चूक इतकी मोठी असते की खरा बिघाड त्यात लपून जातो. टाकी फुल ते टाकी फुल असं मोजा. पेट्रोल पंप तोच, शक्यतो भरायचं नोझलही तेच, गाडी सपाट जागेवर, आणि पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांबायचं. डिझेलला फेस येतो, त्यामुळे ‘अजून थोडं बसेल’ म्हणून वर भरत राहिलात तर दर वेळी वेगळा आकडा येईल. मध्ये किमान ३००–४०० किलोमीटर जाऊ द्या आणि असं सलग तीनदा करा.

तापमानही थोडं खेळ करतं. डिझेल दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०८ टक्के फुगतं. पहाटे आणि भर दुपारी भरलेल्या ४० लिटरमध्ये २० अंशांचा फरक असेल तर अर्ध्या लिटरहून जास्त तफावत निघते. म्हणून भरण्याची वेळही तीच ठेवा. किलोमीटरचा आकडा मोबाइलच्या जीपीएसशी एकदा ताडून घ्या, विशेषतः टायरचा साइज बदलला असेल तर (प्रश्न १९).

३. गाडीखाली डिझेलचा डाग पडतो आणि ॲव्हरेजही पडलंय. गळती बंद केली की ॲव्हरेज वाढेल ना?

बहुतेक वेळा नाही. या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून हिशेब करूनच पाहू. ॲव्हरेज १३ वरून १० वर आलं असेल तर हजार किलोमीटरमागे ७७ लिटरऐवजी १०० लिटर लागतात. म्हणजे २३ लिटर जास्त. एवढं डिझेल गळत असतं तर चेसिस, मागचा एक्सल, पार्किंगची फरशी सगळं चिकट झालं असतं आणि वासाने गाडीत बसवलं नसतं. उभ्या गाडीखाली रात्रभरात पडणारा तळहाताएवढा डाग म्हणजे काही मिलिलिटर. तो बंद करायलाच हवा, पण तीन किलोमीटरचं ॲव्हरेज त्यात गेलेलं नाही.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे: रिटर्न लाइन. पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं टाकीत परत पाठवतो. हा परतीचा पाइप तडकला तर इंजिन उत्तम चालतं, पिकअप जात नाही, पाइपात हवा शिरत नाही (‘एअर येत’ नाही) आणि डिझेल रस्त्यावर सांडत राहतं. गाडी बंद केली की गळती थांबते, म्हणून पार्किंगमध्ये डाग दिसतोच असं नाही. ॲव्हरेज अचानक, एका आठवड्यात पडलं असेल आणि चालवताना बाकी काहीच बदललं नसेल, तर सगळ्यात आधी इंजिन चालू ठेवून रिटर्न पाइप टाकीपर्यंत तपासा. चेसिसवर मागच्या बाजूला धूळ ओली होऊन चिकटलेली असेल तर संशय पक्का.

४. खाली पडलंय ते डिझेलच आहे हे कसं ओळखू?

डागाखाली रात्रभर कोरा पुठ्ठा ठेवा. डिझेलचा डाग पातळ असतो, झपाट्याने पसरतो, बोटाला गुळगुळीत लागतो आणि त्याचा वास सांगावा लागत नाही. इंजिन ऑइल काळं आणि जाड. कूलंट हिरवट किंवा गुलाबी, पाण्यासारखं. ब्रेक ऑइल फिकट, आणि ते चाकाजवळ किंवा पेडलच्या बाजूला पडतं. ते दिसलं तर गाडी हलवू नका. एसीचं पाणी वाळून जातं आणि त्याला वास नसतो.

५. इंजिनची एक बाजू सगळीच ओली आहे. गळती नेमकी कुठून होते ते कसं शोधू?

डिझेल वरून गळतं आणि खाली दिसतं. चालत्या गाडीत वाऱ्याने मागेही जातं. म्हणून जिथे थेंब लोंबतोय तो भाग दोषी धरू नका, सगळ्यात वरची ओली जागा शोधा.

आधी इंजिन थंड असताना डीग्रीझर आणि पाण्याने धुवा, अल्टरनेटर आणि स्टार्टर प्लास्टिकने झाकून. पूर्ण वाळू द्या. मग पंप, फिल्टर, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी) आणि पाइपांच्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन दहा मिनिटं चालवा, थोडी रेस द्या, आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीत पहिली काळपट रेघ जिथे उमटेल तिथून गळती आहे. पट्टा आणि पंख्यापासून हात, बाही, ओढणी लांब ठेवा.

तरी सापडलं नाही तर डिझेलमध्ये टाकायचा चमकणारा डाय मिळतो. तो टाकून दिवसभर गाडी चालवायची आणि रात्री यूव्ही टॉर्चने पाहायचं. बारीक पाझर यानेच पकडला जातो.

बघण्याचा क्रम असा ठेवा: नोझलच्या डोक्यावरचे रिटर्नचे छोटे रबरी पाइप (जुन्या गाडीत हे सगळ्यात आधी कडक होऊन चिरतात), फिल्टर हाउसिंगचे बंजो (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) आणि ब्लीड स्क्रू (हवा काढायचे), फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हँड प्राइमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या, मग पंपाच्या वरच्या बाजूचे डिलिव्हरी व्हॉल्व्हचे जोड, आणि शेवटी प्रेशर पाइप. प्राइमरचा दट्ट्या पूर्ण आवळलेला नसला तरी तिथून डिझेल येतं. हे फुकटात सुटणारं काम आहे, आधी तेवढं बघून घ्या.

६. बंजो बोल्ट कितीही आवळला तरी पाझरतोच. काय करू?

आवळणं थांबवा. बंजोचं सील आट्यांवर होत नाही, दोन बाजूंच्या कॉपर वॉशरवर होतं. एकदा दाबला गेलेला वॉशर कडक होतो आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. जास्त जोर लावला तर आतून पोकळ असलेला बोल्ट तुटतो किंवा हाउसिंगचे आटे जातात, आणि दहा रुपयांचं काम फिल्टर हाउसिंगच्या किमतीला पोचतं. दोन्ही वॉशर नवे घाला. खेड्यात मिळालेच नाहीत तर जुना वॉशर लालबुंद तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं. बसण्याच्या जागेवर चर असेल तर बारीक एमरी पेपर काचेवर ठेवून तो पृष्ठभाग सपाट करून घ्या.

७. नोझलला जाणाऱ्या लोखंडी पाइपातून धुक्यासारखे तुषार उडतात. बोट लावून जागा शोधू का?

अजिबात नाही. त्या पाइपात शंभर-दोनशे बारचा किंवा त्याहून जास्त दाब असतो. केसाएवढ्या भेगेतून येणारी धार कातडी भेदून आत जाते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही, आणि आतून बोटं-हात सडायला लागतात. असं झालं तर जखम किती लहान आहे ते न बघता लगेच मोठ्या हॉस्पिटलात जा आणि ‘डिझेल दाबाने आत गेलंय’ हे शब्द डॉक्टरांना सांगा. जागा शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून पुढे सरकवा.

दुसरा धोका आगीचा. तुषार गरम मॅनिफोल्डवर पडत असतील तर गाडी तिथेच बंद करा.

जोडाजवळ गळत असेल तर नट सोडून शंकूसारखं टोक पुसून, नीट सरळ बसवून पुन्हा आवळा. पाइप मध्येच चिरला असेल तर वेल्डिंग, एम-सील काही करू नका, पाइप बदला. तो चिरला का हेही बघा: पाइपांना एकत्र धरणारे छोटे क्लॅम्प बहुतेक गाड्यांत कोणीतरी काढून परत लावलेले नसतात. क्लॅम्प नसले की पाइप थरथरतो आणि नवा पाइपही काही महिन्यांत तिथेच तुटतो.

८. बाहेर एक थेंबही नाही, पण सकाळी गाडी खूप सेल्फ मारल्यावर सुरू होते. ही गळती आहे का?

आहे, फक्त ती उलट दिशेची आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात दाब नसतो, ओढ असते. तिथे चीर असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रात्रभरात डिझेलचा खांब टाकीकडे उतरतो आणि सकाळी पंपाला हवा मिळते.

ओळखायची रीत सोपी आहे. सकाळी सेल्फ मारण्याआधी हँड प्राइमरने पंप करा. पाच-सहा वेळा दाबेपर्यंत हाताला काही लागत नसेल, नंतर तो कडक होत असेल आणि मग गाडी एका झटक्यात सुरू होत असेल, तर बॅटरी आणि हीटर प्लगवर खर्च करू नका. एअर येतेय.

कुठून येते ते पाहायला फीड पंपाआधी आणि नंतर हातभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता लावा. बुडबुडे फीड पंपाआधीच दिसले तर दोष टाकीच्या बाजूला आहे: रबरी जोड, गंजलेला लोखंडी पाइप, किंवा टाकीतल्या ओढणाऱ्या नळीला वरच्या बाजूला पडलेलं छिद्र. हे शेवटचं असेल तर एक खास लक्षण दिसतं. टाकी अर्ध्याच्या वर असताना गाडी उत्तम असते आणि खाली गेली की एअर घ्यायला लागते.

खात्रीसाठी डिझेलचा स्वच्छ कॅन बॉनेटजवळ पक्का बांधून ओढ आणि रिटर्न दोन्ही पाइप त्यात सोडा आणि गाडी उभ्यानेच चालवा. त्रास गेला तर टाकी ते इंजिन या भागात दोष आहे. राहिला तर फीड पंपाच्या पुढे शोधा.

टाकीच्या झाकणाचा श्वास (हवा आत जायचं छिद्र) बंद झाला असला तरी टाकीत ओढ तयार होते. झाकण उघडताना ‘सूं’ असा आवाज आला तर तेच कारण.

९. टाकी फुल केली की दोन दिवस वास येतो, मग बंद होतो. असं का?

गळती टाकीच्या वरच्या भागात आहे. फ्लोट युनिटचं गॅस्केट, भरण्याच्या नळीचा रबरी होज किंवा त्याच्या शेजारचा श्वासाचा बारीक पाइप. पातळी खाली गेली की गळायला काही उरत नाही. फुल टाकीत वळणावर आणि चढावर डिझेल हेलकावतं तेव्हा जास्त येतं. उलट टाकी रिकामी होईपर्यंत पाझर चालूच राहत असेल तर तळ किंवा पट्ट्याखालची जागा गंजलेली आहे. पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये चिखल अडकतो आणि कोकणातल्या पावसात तिथला पत्रा आधी जातो. टाकीला वेल्डिंग किंवा डाग देण्याचं काम घरी किंवा रस्त्याकडेच्या वेल्डरकडे करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ उरते आणि टाकी फुटते. हे काम टाकी धुऊन, वाफवून करणाऱ्या अनुभवी माणसाकडेच द्या.

१०. इंजिन ऑइल टाकलं नाही तरी डिपस्टिकवर पातळी वाढलीय. चांगलंच ना?

फार वाईट. ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. जमिनीवर थेंब नाही, धूर नाही आणि तरी डिझेल जातंय, अशी ही गळती आहे. ऑइल पातळ होतं, बेअरिंग झिजतात, आणि पातळी खूप वाढली तर इंजिन ते मिश्रण ओढून स्वतःहून रेस व्हायला लागतं. चावी बंद करूनही ते थांबत नाही.

डिपस्टिकचा थेंब टिश्यू पेपरवर टाका. काळ्या ठिपक्याभोवती पसरट, फिकट, तेलकट कडं पडलं आणि वास आला तर गाडी चालवू नका. मार्ग ठरलेले आहेत: फीड पंपाचा डायफ्राम किंवा दट्ट्याचं सील, रोटरी पंपाच्या (सगळ्या सिलिंडरना एकाच ठिकाणाहून डिझेल वाटणारा) पुढच्या शाफ्टचं सील, इनलाइन पंपात (दर सिलिंडरला वेगळा दट्ट्या असणारा) झिजलेले प्लंजर म्हणजे दट्टे, किंवा टपकणारं नोझल. फीड पंप सगळ्यात स्वस्त आणि काढायला सोपा, म्हणून तो आधी. दुरुस्तीनंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

११. पंपाच्या अंगावरच ओल दिसते. पंप लगेच उघडायला द्यावा का?

आधी प्रश्न ५ मधली धुण्याची आणि पावडरीची चाचणी करा. पंपावर दिसणारं डिझेल बऱ्याचदा वरच्या नोझल-रिटर्नमधून आलेलं असतं. पंपाच्याच डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या होल्डरखाली ओल असेल तर ओ-रिंग आणि वॉशर बदलून काम होतं. मात्र होल्डर ठरलेल्या टॉर्कवरच आवळावे लागतात, अंदाजाने आवळले तर डिझेलचं माप बिघडतं. रोटरी पंपात रेसच्या दांड्याजवळून पाझर असेल तर शाफ्ट आणि बुश झिजलेले असतात, तिथे फक्त सील बदलून जमत नाही. पंप उघडायचाच असेल तर ज्यांच्याकडे टेस्ट बेंच (पंप फिरवून डिझेलचं माप तपासायचं यंत्र) आहे अशाच पंप-नोझलच्या दुकानात द्या आणि कॅलिब्रेशनची (माप जुळवल्याची) स्लिप मागा. ती मिळत नसेल तर पंप तिथे देऊ नका.

१२. बीएस-सहा डिझेल आल्यापासून पंप गळायला लागला असं मेकॅनिक म्हणतो. खरं आहे?

त्यात तथ्य आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) सल्फरचं डिझेल आलं, त्याआधी ५० पीपीएम होतं. सल्फर काढताना रिफायनरीत डिझेलमधले ॲरोमॅटिक घटकही कमी होतात. जुनी नायट्राइल रबरची सीलं वर्षानुवर्षं त्या घटकांनी फुगून बसलेली असतात. ते कमी झाले की सील आकसतं, आणि जे आधीच कडक झालेलं असतं ते गळतं. अमेरिकेत १९९३ मध्ये कमी सल्फरचं डिझेल आलं तेव्हा जुन्या पंपांत नेमकं हेच झालं होतं. उपाय एकदाच करायचा: वायटॉन (डिझेलला टिकणारं रबर) सीलची किट घालून घ्या.

सल्फर गेल्याने वंगण गेलं म्हणून टू-स्ट्रोक ऑइल मिसळा, असा सल्ला फिरतो. गरज नाही. वंगणाची किमान पातळी भारतीय मानकात ठरलेली आहे आणि त्यासाठीचा ॲडिटिव्ह कंपनी आधीच घालते. स्वस्तात मिळणारं सुटं ‘बायोडिझेल’ मात्र टाळा, जुनी रबरं त्याने फुगून मऊ पडतात.

१३. गळती कुठेच नाही. मग डिझेल जातंय कुठं?

दोनच वाटा उरतात. एक तर डिझेल नीट जळत नाही, किंवा नीट जळून तयार झालेली ताकद भलतीकडे खर्च होते. लोक पहिल्या वाटेच्या मागे लागून पंप उघडतात. माझं ठाम मत आहे की आधी दुसरी वाट तपासा, कारण ती स्वस्त आहे आणि जुन्या गाड्यांत दोष बऱ्याचदा तिथेच असतो.

ब्रेक धरून राहणं हे त्यातलं मोठं कारण. १५–२० किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवून, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून थांबा. प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न टेकवता धरा. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर ते धरतंय. मग जॅक लावून, खाली स्टँड देऊन प्रत्येक चाक हाताने फिरवा. मागे हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेली राहते, पावसाळ्यानंतर हे हमखास बघा.

त्यानंतर टायरमधली हवा थंड असताना मोजा. पुढच्या टायरच्या कडा एका बाजूने घासल्या असतील तर अलाइनमेंट. घाटात रेस दिली की इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असं असेल तर क्लच स्लिप होतोय. एअर फिल्टर उजेडासमोर धरा. ऑइल बाथ फिल्टर असेल तर तळाचा गाळ काढा आणि तेल खुणेपर्यंतच भरा. उसाच्या हंगामात मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतराच्या खूप आधी भरतो. टॅपेटचं (व्हॉल्व्हच्या फटीचं) सेटिंग शेवटचं कधी केलं तेही आठवा.

आणि चालवण्याच्या सवयी. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ६० ऐवजी ९० ने चालवलं तर तो सव्वादोन पट होतो. चौकोनी गाडीला, त्यात वर कॅरिअर असेल तर, हे फार महागात पडतं. उभ्याने इंजिन चालू ठेवलं तर अडीच लिटरचं डिझेल इंजिन तासाला पाऊण ते एक लिटर पितं. शाळेची किंवा लग्नाची गाडी असेल तर ॲव्हरेजचा हिशेब इथेच सुटतो.

हे सगळं ठीक असेल तरच पुढच्या प्रश्नांकडे या.

१४. धुराच्या रंगावरून काय कळतं?

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त: एअर फिल्टर चोंदलेला, टर्बोचा होज फाटलेला, नोझल खराब, किंवा कोणी पंपाचा स्क्रू फिरवलेला (प्रश्न १८). पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळालेलं डिझेल: टायमिंग मागे गेलेलं, कॉम्प्रेशन कमी, किंवा एखादा हीटर प्लग मेलेला. सकाळी काही सेकंद येणारा सोडून द्या, गरम झाल्यावरही येत असेल तर धरा. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय.

पीयूसीची स्लिप जपून ठेवा. डिझेलच्या स्लिपवर धुराचा आकडा असतो. बीएस-चारच्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ एचएसयू म्हणजे के-व्हॅल्यू २.४५ (दोन्ही धुराचा दाटपणा मोजायची मापं), बीएस-चारला ५० म्हणजे १.६२. पास-नापास एवढंच न बघता मागच्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवा. तो चढत असेल तर ॲव्हरेज का उतरतंय याचा पुरावा तुमच्याच हातात आहे.

१५. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला, ‘आपल्याकडे गरजच नाही’ म्हणाला. ॲव्हरेजशी संबंध आहे?

थेट आहे. इंजिन साधारण ८० अंशांच्या वर गेल्यावरच डिझेल नीट जळतं. थर्मोस्टॅट नसेल तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, काटा खालीच राहतो, इंजिन थंडीत चालल्यासारखं जास्त डिझेल घेतं आणि लायनरही झिजतात. गाडी गरम होत होती म्हणून तो काढला असेल तर मूळ रोग रेडिएटर, वॉटर पंप किंवा पंख्यात आहे. तो दुरुस्त करा आणि थर्मोस्टॅट परत बसवा. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत या एका भागाने फरक जाणवतो.

१६. नोझल कधी तपासायची?

गरम इंजिनवर काळा धूर, आयडलला ठोकल्यासारखा आवाज किंवा एखादं सिलिंडर कमी वाटत असेल तेव्हा. नोझल टेस्टरवर तीन गोष्टी स्वतः उभं राहून बघा: ठरलेल्या दाबाला उघडते का (प्री-चेंबरच्या, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या, जुन्या इंजिनात साधारण ११५ ते १३५ बार, थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये १८० च्या पुढे, नेमका आकडा तुमच्या इंजिनच्या पुस्तकात), फवारा बारीक आणि सारखा येतो का, आणि दाब थोडा कमी ठेवला तर टोकाला थेंब धरतो का. थेंब धरणारी नोझल ॲव्हरेजही खाते आणि पिस्टनही. बसवताना खालचा वॉशर नवाच हवा, नाहीतर कॉम्प्रेशन बाहेर येऊन भोवती काळा डांबरासारखा थर जमतो.

१७. कुठलं सिलिंडर कमी आहे ते बघायला नोझलचा नट ढिला करतात. मीही करू?

यांत्रिक पंपाच्या गाडीत ही जुनी, खरी रीत आहे. आयडलला एकेक नट अर्धा आटा सैल करायचा, वर जाड फडकं टाकून, चेहरा लांब ठेवून. इंजिनचा आवाज ज्याने बदलत नाही ते सिलिंडर काम करत नाही. मग नोझल त्या सिलिंडरमधून दुसऱ्यात बदलून पाहा. दोष नोझलसोबत सरकला तर नोझल, तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन तपासा.

कॉमन रेल गाडीत हे कधीही करू नका. तिथे दाब हजार बारच्या पुढे असतो आणि धार जीव घेऊ शकते.

१८. पिकअपसाठी पंपाचा स्क्रू फिरवून घेतला. त्याने ॲव्हरेज पडलं का?

त्या स्क्रूने जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा वाढते. पाय हलका असेल तर गव्हर्नर (पंपातला डिझेलचं माप ठरवणारा भाग) पूर्वीइतकंच देतो, म्हणून सपाट रस्त्यावर फरक थोडा. पण घाटात, लोडवर, रेस पूर्ण दाबली की जादा डिझेल जळायला हवा नसते आणि ते काळ्या धुरात जातं. शिवाय एक्झॉस्ट तापून टर्बो आणि पिस्टन धोक्यात येतात. टेस्ट बेंचवर मूळ मापावर आणून सील करून घ्या. टायमिंगचा पट्टा, चेन किंवा पंप काढण्याच्या कामानंतर ॲव्हरेज पडलं असेल तर मात्र स्क्रूकडे न बघता आधी पंपाचं टायमिंग डायल गेजवर तपासा.

१९. मोठे टायर लावल्यापासून ॲव्हरेज कमी दिसतं. खरंच कमी झालंय का?

काही खरं, काही मीटरचं. २१५/७५ आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ लावला तर चाकाचा व्यास चार टक्क्यांहून थोडा जास्त होतो. मीटर तेवढे किलोमीटर कमी दाखवतं, म्हणजे खरं १३ असेल तर हिशेबात साडेबारा येतं. उरलेली घट रुंद, जड टायरची.

२०. कॉमन रेल गाडी जुनी झालीय. स्टार्टला वेळ लागतो, ॲव्हरेज कमी. गळती असेल का?

बाहेरची नसेल, पण आतली असू शकते. झिजलेला इंजेक्टर घेतलेलं डिझेल जास्त प्रमाणात रिटर्नला सोडतो आणि रेलमध्ये दाब तयार व्हायला वेळ लागतो. ते डिझेल टाकीत परत जातं, म्हणून निव्वळ त्याने ॲव्हरेज फार पडत नाही. मात्र तोच इंजेक्टर फवाराही बिघडवतो. तपासणी: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला वेगवेगळ्या बाटल्या लावून आयडलला तितकाच वेळ चालवायचं. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरते तो संशयित. ही बाजू कमी दाबाची असली तरी शेजारी रेल आहे, म्हणून सवय असलेल्या माणसाकडून करून घ्या.

२१. पेट्रोल पंपावरच डिझेल कमी किंवा भेसळीचं मिळत असेल तर?

तपासायचा हक्क तुम्हाला आहे. प्रत्येक पेट्रोल पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं, ते मागून समोर भरायला लावा. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत मान्य आहे, त्यापुढे नाही. डेन्सिटीचा त्या दिवसाचा आकडा पंपावर लिहिलेला असतो आणि तो तुमच्यासमोर मोजून दाखवायला सांगता येतो. केरोसीन हलकं असल्याने मिसळलं की डेन्सिटी खाली येते. केरोसीनला वंगण नसतं, त्यामुळे जे डिझेल पंपाच्या आतल्या भागांना तेल देतं तेच त्यांना घासायला लागतं. संशय आला तर बिल जपा, फिल्टरच्या तळाचं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून ठेवा, आणि पुढच्या तीन टाक्या दुसऱ्या पंपावर भरून प्रश्न २ प्रमाणे मोजा.